मागचं डावं चाक: सिंहगड रोडवरच्या एका गाडीच्या आवाजाचा तपास

ताईचा फोन आला जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात. "गिअरबॉक्स उघडायचा म्हणतायत. २८,००० सांगितलेत. तू एकदा बघून जातेस का?"

गाडी दाजींची. २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, ७८,००० किलोमीटर झालेली. घरात माणसं चार: ताई, दाजी, भाची आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणते. मी चाकणला गाड्यांच्या चाचणी विभागात काम करते, त्यामुळे असे फोन मला नवे नाहीत. हे प्रकरण मात्र सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. गाडीत एकाच वेळी दोन वेगवेगळे बिघाड होते आणि आम्ही सगळे, सुरुवातीला मीसुद्धा, ते एकच धरून चाललो होतो.

तक्रार अशी. नोव्हेंबरपासून गाडी ताशी ५० च्या वर गेली की 'घूंऽऽ' असा आवाज यायचा, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा. वेग वाढला की आवाज चढायचा. डिसेंबरात दाजींनी गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या मेकॅनिकने एकट्याने चक्कर मारली, टायरचा आवाज आहे म्हणून सांगितलं आणि पुढचे दोन टायर बदलून, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करून दिले. ९,००० रुपये गेले, आवाज तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी गाडी उचलून चारही चाकं वर-खाली हलवून पाहिली. चाकांत खेळ, म्हणजे सैलपणा, नाही, म्हणजे बेअरिंग (चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते) ठीक, म्हणजे आता गिअरबॉक्स, असा हिशोब त्यांनी मांडला. तेवढ्यात जानेवारीत नवीन भर पडली. ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. दाजींना वाटलं, जे काही आहे ते वाढत चाललंय. तसं वाटणं साहजिक होतं.

शनिवारी संध्याकाळी, ताईच्या स्वयंपाकघरात

मी गेले त्या संध्याकाळी गाडीकडे पाहिलंच नाही. वही घेऊन बसले आणि सगळ्यांना विचारत गेले. आवाज पहिल्यांदा कधी ऐकला? सकाळी गाडी गार असताना येतो की तापल्यावर? ब्रेक दाबला की बदलतो का? वळताना? एसी चालू असताना? उभ्या गाडीत इंजिन नुसतं रेस केलं तर येतो का? दाजींची उत्तरं व्यवस्थित होती. आवाज फक्त गाडी पळताना येतो. गार-गरम काही फरक नाही, एसीचा संबंध नाही. तो पुढून, बोनेटच्या बाजूने येतो, याबद्दल त्यांना खात्री होती.

मावशी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुढून नाही गं. मागून येतो. माझ्या पायाखालून, ह्या बाजूने." आणि त्यांनी डावा पाय पुढे केला. "मी दिवाळीपासून सांगतेय ह्याला."

मावशी नेहमी मागे डावीकडे बसतात. वर्कशॉपमध्ये त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्या तिथे गेल्याच नव्हत्या. गाडीचा डॉक्टर फक्त चालवणाऱ्याशी बोलतो, ही आपल्याकडची मोठी चूक आहे असं मला मनापासून वाटतं. चालवणाऱ्याच्या कानाशी इंजिन असतं, ब्लोअर असतो, वारा असतो. शिवाय पत्र्यातून आणि चॅसीतून आवाज इतका लांबवर जातो की बंद काचांच्या गाडीत तो नेमका कुठून येतोय हे कानाला ठरवता येत नाही. पायाच्या तळव्याला जाणवणारी कंपनं मात्र सहसा जागेच्या जवळची असतात. मी वहीत 'मागे डावीकडे?' असं लिहून खाली रेघ मारली.

मग विचारलं, गेल्या वर्षभरात गाडीला काही लागलं का, मोठा खड्डा, फुटपाथ, पाणी? दाजी नाही म्हणाले. ताई म्हणाली, "अहो, पूर?"

२५ जुलै २०२४. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीसह सिंहगड रोडचा नदीकाठ पाण्यात गेला, तो दिवस. ताईची सोसायटी एकता नगरीच्या अलीकडे, जरा उंचावर. इमारतीत पाणी आलं नाही, पण गाडी फाटकाच्या चढावर नाक वर करून उभी होती. मागची चाकं पाण्यात, आणि चढ गटाराकडे कललेला असल्याने डावं चाक जास्त खोल. असं पाच-सहा तास. पाणी ओसरल्यावर दाजींनी इंजिन ऑइल, एअर फिल्टर, आतली मॅट सगळं तपासून घेतलं. सगळं कोरडं होतं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही तेव्हा फोनवर "इंजिनात पाणी गेलं नाही ना?" एवढंच विचारलं होतं. चाकांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

थरथर कधीपासून, तेही विचारून घेतलं. दाजींच्या काकांचं दौंडजवळ शेत आहे. संक्रांतीला तिकडे गेले होते आणि परत येताना सोलापूर रोडवर स्टेअरिंग थरथरायला लागलं. आदल्या दिवशी ठीक होतं. ही तारीख मी लिहून घेतली, पण तिचं महत्त्व मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

रविवारी सकाळी, सातारा रोड

सहाला निघालो. दाजी गाडीवर, मी शेजारी, मागे डावीकडे मावशी आणि त्यांच्या बाजूला भाची. नवले पुलावरून चढ चढून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघत होतो, कारण गाडीचा काटा बहुतेक वेळा थोडा जास्तच दाखवतो.

बोगद्यात डावीकडच्या दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या. शेजारी भिंत असली की चाकाचा आवाज तिच्यावर आपटून परत आत येतो, आणि उघड्या रस्त्यावर विरून जाणारा आवाजसुद्धा उघडा पडतो. ६० ला तो 'घूं' इतका स्वच्छ आला की दाजींनी मान मागे वळवली आणि मी त्यांना समोर बघायला सांगितलं. पुढच्या काचेपेक्षा मागच्या काचेतून तो जास्त येत होता.

शिंदेवाडी ओलांडून खेड शिवापूरच्या पुढे सपाट, मोकळा पट्टा मिळाला. मागे कुणी नाही हे बघून ६० ला क्लच दाबायला सांगितला, तीन-चार सेकंद. इंजिनचे आरपीएम एकदम खाली आले, 'घूं' तसूभरही हलला नाही. म्हणजे इंजिन, त्याचे माउंटिंग, पुढचा बेल्ट, सायलेन्सर हे सगळे संशयित एका दमात सुटले. (हा प्रयोग सपाट रस्त्यावरच करायचा. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर कधीच नाही. न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी त्या उतारावर काय केलंय ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे.)

पण इथे थांबून चालत नाही. क्लच दाबला तरी गिअरबॉक्सचा चाकांकडचा भाग चाकांबरोबर फिरतच राहतो. वर्कशॉपचा संशय तिथेच होता, आणि नुसत्या या चाचणीने तो चूक ठरत नव्हता. म्हणून त्याच वेगाला तिसरा, चौथा, पाचवा असे गिअर बदलून ऐकलं. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून आणि सोडून ऐकलं. गिअरच्या दातांवर किंवा तिथल्या बेअरिंगवर भार आला आणि गेला की आवाजाची जात सहसा बदलते. दाबताना कण्हल्यासारखा, सोडताना वेगळा. इथे काहीच बदललं नाही.

मग वळणं. शिंदेवाडीच्या बाजूला रस्ता हळूहळू, लांब वळतो. ६० कायम ठेवून उजव्या वळणावर गेलो तेव्हा आवाज वाढला. डाव्या वळणावर तो जवळजवळ बुजला. पुन्हा उजवं, पुन्हा वाढला. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं ओझं डाव्या चाकांवर जातं. म्हणजे आवाज डाव्या बाजूच्या चाकाचा. पुढचं की मागचं, एवढंच राहिलं. मावशी मागून म्हणाल्या, "आत्ता बघ, पाय शिवशिवला."

टायरचा आवाजही वेगाबरोबर वाढतो, म्हणून तो वर्कशॉपने धरला असणार. पण टायरचा सूर रस्ता बदलला की बदलतो. खरखरीत डांबरावर चढतो, गुळगुळीत डांबरावर उतरतो. हा आवाज सिंहगड रोडवर, पुलावर, हायवेवर सगळीकडे एकसारखा होता. टायरवरच संशय असेल तर नवीन घेण्याआधी पुढचे मागे आणि मागचे पुढे करून बघायचे. आवाज टायरबरोबर सरकला तर टायर, जागेवरच राहिला तर दुसरं काहीतरी. त्याला अर्धा तास लागतो. त्या ९,००० रुपयांचं मला अजून वाईट वाटतं.

आता थरथर. भाचीने तिच्या मोबाइलवर फायफॉक्स नावाचं अ‍ॅप घेतलं होतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे, फुकट मिळतं, आणि मोबाइलमधल्या सेन्सरने कंपनं मोजतं. मोबाइल स्टेअरिंगच्या खालच्या कव्हरला दुहेरी टेपने चिकटवला. ८० ला आलेखाचं शिखर सेकंदाला १२ कंपनांच्या आसपास उभं राहिलं. ९० ला ते साडेतेराकडे सरकलं.

हा आकडा कुठून येतो ते भाचीला समजावताना मलाच सगळं लख्ख झालं. टायरचा आकार १७५/६५ आर १४. त्याचा घेर साधारण १ मीटर ८३ सेंटीमीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ ला १.८३ ने भागलं की १३.७. चाक सेकंदाला १३.७ वेळा फिरतं आणि स्टेअरिंग तेवढ्याच वेळा हिसका खातं. इंजिन तेव्हा २,८०० आरपीएमवर होतं, म्हणजे सेकंदाला ४७ फेऱ्या. त्याचा यात काही हात नव्हता. चाकाच्या एका फेरीला एक हिसका याचा अर्थ चाकाच्या घेरावर एका जागी काहीतरी जड, वाकडं किंवा फुगलेलं आहे.

आणि 'घूं'? तो हिसका नव्हता, सूर होता. बेअरिंगच्या आत गोळ्यांची रांग असते. वाट खराब झाली की चाकाच्या एकेका फेरीत त्या गोळ्या खराब जागेवरून पुन्हा पुन्हा जातात. एका फेरीत एकदा घडणारी गोष्ट हाताला थरथर म्हणून लागते, अनेकदा घडणारी कानाला सूर म्हणून ऐकू येते. म्हणजे या दोघांची कारणं वेगळी असणार. खेड शिवापूरच्या टपरीवर चहा घेताना मी दाजींना म्हटलं, "दोन दुखणी आहेत. गिअरबॉक्सला हात लावू नका."

ब्रेक हलका दाबून पाहिला होता, थरथर वाढली नाही, म्हणजे डिस्क वाकडी नव्हती. सोसायटीच्या मोकळ्या जागेत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गोल फिरवलं, 'टकटक' नाही, म्हणजे बाहेरचे सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचे सांधे) ठीक.

चाकं काढल्यावर

दुपारी सपाट फरशीवर गाडी घेतली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, मागची डावी बाजू जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीला हात घालायचा नाही, हे मी घरातल्या सगळ्यांना बजावून सांगते.

आधी टायरवरून तळहात फिरवला, करवतीसारखी धार कुठे लागते का बघायला. नव्हती. चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ खरंच नव्हता. वर्कशॉपने तपासलं होतं ते बरोबरच होतं. फक्त त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नव्हता. बेअरिंग खेळ दाखवण्याच्या कितीतरी आधी आवाज करायला लागतं.

मग एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवली. चाकातली बारीकशी खरखरसुद्धा स्प्रिंगची तार बोटांपर्यंत आणते. कानाला जेमतेम काही येत होतं, बोटांना मात्र स्पष्ट लागलं. भाकरीचं पीठ मळताना त्यात खर लागावी, तसं. दाजींना बोटं ठेवायला लावली. त्यांनी उजवं चाक उचलून तेही तसंच पाहिलं. ते लोण्यासारखं फिरत होतं. पुन्हा डाव्याकडे आले, पुन्हा बोटं ठेवली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

वाहनांच्या आवाज-कंपनांची मोजमापं आपल्याच गावात, पुण्यात, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत होतात, टेकडीला जिचं नाव पडलं तीच संस्था, १९६६ सालची. तिथे लागणारी यंत्रं घरी कुणाकडे असणार? पण कोणता आवाज कशाबरोबर बदलतो हे नीट विचारलं, तर दोन बोटं आणि एक मोबाइल खूप लांबपर्यंत घेऊन जातात.

मग थरथरीसाठी पुढचं उजवं चाक काढलं. बाहेरून रिम चकचकीत, कारण गाडी धुणारा मुलगा रोज बाहेरूनच धुतो. उलटं करून पाहिलं तर आतल्या कडेला, बॅलन्सिंगच्या वजनाच्या शेजारीच, काळ्या मातीचा वाळून दगड झालेला पोपडा, हाताच्या पंजाएवढा. दौंडच्या शेतात उसाला पाणी सोडलेलं होतं आणि गाडी पार बांधापर्यंत नेली होती. ती माती तिथून आली. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढली, भाचीने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. ५८ ग्रॅम.

एवढीशी माती स्टेअरिंग हलवेल का, असं ताईने विचारलं. ९० च्या वेगाला, चाकाच्या मध्यापासून १६ सेंटीमीटरवर बसलेली ५८ ग्रॅम माती चाकाला जवळपास ७ किलो वजनाइतका झटका बाहेर देते, आणि हा झटका चाकाबरोबर सेकंदाला साडेतेरा वेळा गोल फिरतो. वेग निम्मा केला की झटका निम्मा नाही, पाव होतो. म्हणून गावात ४५ ला काहीच कळत नव्हतं. टायरवाल्याने केलेलं बॅलन्सिंग उत्तम होतं. माती त्यानंतर बसली होती. रिम आतून ब्रशने धुतली, आणि संध्याकाळी हायवेवर ९० ला स्टेअरिंग शांत. खर्च शून्य.

धायरीच्या मिस्त्रींकडे

बेअरिंग दाजी स्वतः नाना पेठेतून घेऊन आले, सोबत नवीन नट. या गाडीत मागचं बेअरिंग ब्रेकच्या ड्रममध्येच दाबून बसवलेलं असतं. मिस्त्रींनी ते हातोड्याने न ठोकता प्रेसवर काढलं, याचं मला बरं वाटलं. नवीन बसवतानाही दाब बाहेरच्या रिंगवरच द्यावा लागतो. आतल्या रिंगवर दिला तर नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी गोळ्यांचे ठसे पडतात, आणि महिन्याभरात तोच 'घूं' परत.

जुनं बेअरिंग सुटं झालं तेव्हा आतली रिंग रॉकेलच्या फडक्याने पुसून उन्हात धरली. गोळ्यांच्या चकाकत्या वाटेवर तपकिरी आडव्या रेघा होत्या, समान अंतरावर, पट्टीने आखल्यासारख्या. गोळ्या जिथे टेकून उभ्या होत्या नेमक्या तिथे. नखाला त्या रेघा अडकत होत्या. ग्रीस तांबूस आणि पाणचट झालेलं. गाडी पाण्यात उभी होती, चाक फिरत नव्हतं, आणि सीलमधून झिरपलेलं पाणी प्रत्येक गोळीपाशी बसून राहिलं. जुलैतला तो गंज गाडी चालत गेली तसा उखडत गेला आणि नोव्हेंबरात बोलायला लागला. दुर्लक्ष केलं असतं तर पुढे चाकात खेळ आला असता, आणि हायवेवर बेअरिंग जाम होणं किती वाईट ते मी कामावर पाहिलेलं आहे.

नट नवाच वापरला आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला. सगळं मिळून २,२०० रुपये झाले.

उजव्या मागच्या चाकावरून थोडी चर्चा झाली. मिस्त्री म्हणाले, "दोन्ही करून टाका, तेही पाण्यात होतं." दाजींनाही तेच वाटत होतं. माझं म्हणणं पडलं की नीट फिरणारं, घट्ट बसलेलं बेअरिंग नुसत्या भीतीने उखडू नये. ताईने माझ्या बाजूने मत दिलं.

पुढच्या रविवारी तोच रस्ता, तोच बोगदा, तेच वेग, काचा खाली. बोगद्यात फक्त टायरची सळसळ आली. मावशींनी चप्पल काढून पाय खाली टेकवून ठेवला होता. परत येताना सोसायटीच्या गतिरोधकावर त्या म्हणाल्या, "आता पुढे कट् वाजतंय काहीतरी." ते खरं निघालं. पुढच्या डाव्या स्टॅबिलायझरची (वळताना गाडीला कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक सैल झाली होती. तीही बदलून घेतली.

उजव्या मागच्या चाकाची नोंद वहीत आहे. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी ते उचलून, स्प्रिंगवर बोटं ठेवून पुन्हा फिरवायचं. ते काम दाजींनी स्वतःकडे घेतलंय.